सुट्टीची वही : पंचेचाळीस दिवसांचा घरचा अभ्यास



वार्षिक परीक्षा आटोपली. महाराष्ट्रदिनी, म्हणजे १ मे रोजी, निकाल हातात पडतो आणि मोठ्या सुट्टीला सुरुवात होते. १५ जूनच्या सुमारास शाळा पुन्हा भरते. बोटांवर मोजून पाहा. मे महिन्याचे ३१ आणि जूनचे १४ मिळून ४५ दिवस झाले. एवढ्या दिवसांत कुणी मामाच्या गावाला जाईल, कुणी कांदा काढायला आईबरोबर रानात जाईल, कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत घरीच राहील. त्यात वाईट काहीच नाही. सुट्टी ही खेळायची, आंबे-जांभळे खायची आणि घरच्या कामाला हातभार लावायचीच असते.

पण एक गोष्ट दरवर्षी होते. एप्रिलमध्ये घडाघडा येणारे पाढे जूनमध्ये अडखळतात. हातच्याची वजाबाकी चुकते. जोडाक्षर आले की बोट ओळीवर थांबते. मृगाच्या पहिल्या पावसात निम्मा अभ्यास वाहून गेला की काय, असे वाटते. मग जून-जुलै हे दोन महिने मागचेच पुन्हा शिकण्यात जातात.

हे नुसते आपल्या वर्गाचे रडगाणे नाही. अमेरिकेत हॅरिस कूपर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. उन्हाळी सुट्टीत मुले सरासरीने सुमारे एक महिन्याचे शिक्षण मागे जातात, आणि वाचनापेक्षा गणित जास्त विसरतात, असे त्यांना दिसले. आपल्या देशात तर याहून मोठी परीक्षा झाली. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद पडल्या. जानेवारी २०२१ मध्ये अझीम प्रेमजी विद्यापीठाने पाच राज्यांतील १६,०६७ मुलांची पाहणी केली. ही सर्व दुसरी ते सहावीची, सरकारी शाळांतील मुले होती. शंभरातील ९२ मुले भाषेतील आधी येत असलेली निदान एक गोष्ट विसरली होती, आणि शंभरातील ८२ मुले गणितातील.

म्हणून या वर्षी आपण सर्वांनी मिळून एक साधे काम करू या. रोज अर्धा तास, एक वही, आणि अभ्यास मात्र घरातल्याच वस्तूंचा. विकतची पुस्तके नकोत, शिकवणी नको, मोबाईल नसला तरी चालेल. मोजायचे, मोठ्या माणसांना विचारायचे आणि लिहून ठेवायचे. बस्स.

वही कशी करायची?

सरलेल्या वर्षाच्या वह्या रद्दीत टाकू नका. प्रत्येक वहीच्या मागे चार-सहा पाने कोरी राहिलेली असतात. ती सावकाश सोडवून घ्या, एकावर एक ठेवा आणि मधोमध सुई-दोऱ्याने टाके घाला. वरून वर्तमानपत्राचा कागद लावा. झाली वही! पहिल्या पानावर नाव, इयत्ता, गाव लिहा. पुढे प्रत्येक पानावर तारीख आणि वार. ज्या दिवशी काहीच मोजले नाही, त्या दिवशी "आज काही केले नाही" एवढे तरी लिहा. पान कोरे सोडू नका.

लिहिण्याची ही सवय आपल्या मुलखाला नवी नाही, बरे का! आपल्या जुन्नर तालुक्यात नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील लेख कोरलेला आहे. यज्ञांच्या वेळी किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली याचे आकडे त्यात आहेत. भारतातील जुन्यात जुन्या लिहिलेल्या अंकांत त्यांची गणना होते. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या डोंगरात कुणी तरी हिशेब लिहून ठेवला, म्हणून तो आज आपल्याला कळतो. तोंडी हिशेब हवेत जातो, लिहिलेला टिकतो.

उपक्रम पहिला : काठीची सावली

एक सरळ काठी घ्या. जमिनीवर तिची उंची बरोबर १०० सेंटिमीटर राहील अशी अंगणात रोवा. दोरीला दगड बांधून ओळंबा करा आणि काठी सरळ उभी आहे ना, ते पाहा. दुपारी १२ वाजून २० मिनिटांपासून १२ वाजून ४० मिनिटांपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. सर्वांत आखूड सावली कोणती ती पट्टीने मोजा. तारीख लिहा, सेंटिमीटर लिहा, आणि सावली कोणत्या दिशेला पडली तेही लिहा.

१ मे रोजी ती साधारण ७ सेंटिमीटर भरेल आणि उत्तरेकडे असेल. मग ती रोज थोडी थोडी आखूड होत जाईल. १६ मेच्या सुमारास एक दिवस असा येईल, की साडेबाराच्या सुमारास काठीला सावलीच राहणार नाही! सूर्य बरोबर डोक्यावर आलेला असेल. त्या दिवशी घरातला उभा पेला, डबा, पाण्याची टाकी, सगळ्यांचीच सावली पायाखाली जाते. त्यानंतर सावली पुन्हा वाढू लागेल, पण आता दक्षिणेकडे. शाळा भरून आठवडा होईल तेव्हा, म्हणजे २१ जूनला, ढग नसतील तर ती पुन्हा सुमारे ७ सेंटिमीटर भरलेली दिसेल.

असे का होते? पृथ्वीचा आस कललेला आहे. त्यामुळे आपल्याला सूर्य डिसेंबरपासून जूनपर्यंत रोज थोडा थोडा उत्तरेकडे सरकताना दिसतो आणि नंतर माघारी फिरतो. जाताना एकदा आणि येताना एकदा तो आपल्या डोक्यावरून जातो. येतानाचा दिवस जुलैच्या अखेरीस असतो, पण तेव्हा आभाळ भरलेले असते. म्हणून मे महिन्यातलाच दिवस पकडायचा. दिल्लीच्या मुलांना हे कधीच दिसत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे आणि सूर्य तिथवर पोहोचत नाही.

मामाच्या गावाला जाणाऱ्यांनी तिथेही काठी रोवावी. कोल्हापूरला हा दिवस ७ मेच्या सुमारास येतो, पुण्याला १३-१४ मे, नाशिकला १९-२० मे आणि नागपूरला २५-२६ मे. जूनमध्ये सर्वांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे कसा सरकला हे आपल्यालाच दिसेल. आपल्या शेजारच्या खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या आहेत. तिथले शास्त्रज्ञही आकाशाची मोजमापे घेतात आणि नोंदवून ठेवतात. आपण काठीपासून सुरुवात करू.

सूचना : सूर्याकडे थेट पाहायचे नाही. सावलीकडेच पाहायचे. डोक्याला टोपी किंवा रुमाल हवाच.

उपक्रम दुसरा : आजीची पायली

घरात माळ्यावर, कणगीच्या मागे किंवा देव्हाऱ्याखाली जुनी मापे पडलेली असतील. आजीला विचारा, "आजी, हे काय गं?" ती नावे सांगेल : निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली. त्यांचा हिशेब पुष्कळ ठिकाणी असा होता :

२ निळवी = १ कोळवे
२ कोळवी = १ चिपटे
२ चिपटी = १ मापटे
२ मापटी = १ शेर
२ शेर = १ अधोली
२ अधोली = १ पायली
१६ पायल्या = १ मण
२० मण = १ खंडी

काही गावांत १२ पायल्यांचा मण धरत. तुमच्या घरी कसा धरत होते ते विचारून लिहा. पाहा, पायलीपर्यंत सगळा दुपटीचा पाढा आहे. मग सांगा, एका पायलीत निळवी किती? (दोनाला दोनाने गुणत जा.)

आता गंमत करा. पायली किंवा शेर बाजरीने शिगोशीग भरा आणि ती बाजरी तराजूवर तोला. नंतर तेच माप हरभऱ्याने भरून तोला. मग शेंगांनी भरून तोला. प्रत्येक वेळी माप तेच, पण वजन वेगळे येईल. का बरे? मापाने आपण जागा मोजतो आणि तराजूने वजन. शेंगांच्या मधे हवाच जास्त मावते. पूर्वी धान्य मापाने देत-घेत, तेव्हा शीग लावायची की माप सपाट करायचे यावरून भांडणे होत. भारतात १९५६ साली मापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून किलो, लिटर, मीटर वापरात येऊ लागले. आजोबांना आणे-पैसेही विचारा. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे १६ आणे होते, त्या दिवसापासून रुपयाचे १०० पैसे झाले.

उपक्रम तिसरा : कांद्याची पट्टी

हा उपक्रम पाचवीच्या पुढच्यांनी जरूर करावा, आणि पालकांनी तो आवर्जून करून घ्यावा.

आपल्याकडे उन्हाळ कांदा निघतो तो याच दिवसांत. आळेफाट्याच्या बाजारात गाडी रिकामी झाली, की वडिलांच्या हातात पट्टी येते. ती पट्टी बहुतेक घरांत खिशातून खुंटीवर आणि खुंटीवरून चुलीत जाते. या सुट्टीत तसे होऊ देऊ नका. "आबा, पट्टी मला द्या, मला हिशेब करायचाय," असे म्हणा.

आपल्याकडे कांद्याचा भाव दहा किलोवर सांगतात. एक नमुना पाहू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत.

गोण्या १२. एकूण वजन ६१२ किलो. भाव दहा किलोला १५० रुपये.
६१२ ÷ १० = ६१.२
६१.२ × १५० = ९,१८० रुपये. ही झाली मालाची किंमत.
वजा : हमाली गोणीमागे ७ रुपये, म्हणजे ८४ रुपये.
वजा : तोलाई गोणीमागे ३ रुपये, म्हणजे ३६ रुपये.
वजा : मोटारभाडे गोणीमागे ३० रुपये, म्हणजे ३६० रुपये.
एकूण वजा ४८० रुपये.
हातात आले ९,१८० − ४८० = ८,७०० रुपये.

आता ८,७०० ला ६१२ ने भागा. किलोला साधारण १४ रुपये २१ पैसे पडले. म्हणजे "पंधरानं गेला" असे आपण गावात सांगतो, पण घरात चौदा रुपये एकवीस पैसेच येतात. यातून रोप, खत, औषध, काढणीची मजुरी हे अजून वजा व्हायचे आहे. तेही वडिलांना विचारून खाली लिहा.

खऱ्या पट्टीवर प्रत्येक रकाना वाचा. वजन घरी मोजले होते तेवढेच आहे का? गुणाकार बरोबर आहे का? आडत कापली आहे का, तेही पाहा. २०१६ पासून आपल्या राज्यात फळे, भाजीपाला आणि कांदा-बटाट्यावरची आडत शेतकऱ्याकडून नव्हे, तर खरेदीदाराकडून घ्यायची, असा नियम आहे. काही समजले नाही तर वडिलांबरोबर जाऊन आदबीने विचारावे. विचारण्यात भांडण नाही. माल आपला, हिशेबही आपल्याला कळलाच पाहिजे.

हा उपक्रम इतका आग्रहाने का सांगतो? इतिहासात पाहा. १८७५ साली, १२ मे रोजी, आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. नंतर हे बंड पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. त्यांनी मुख्यतः कर्जरोखे आणि हिशेबाची कागदपत्रे हिसकावून जाळली. त्या कागदांवर काय लिहिले आहे, हे अंगठा उठवणाऱ्या पुष्कळांना वाचता येत नव्हते. व्याज किती, मुद्दल किती, फेड किती झाली, सगळे समोरचा सांगेल तेच खरे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यातही विद्या नसल्यामुळे शेतकरी कसा नाडला जातो हेच मांडले. आज आपल्या घरात निदान एक तरी मूल शाळेत जाते. त्याला कवितेसोबत घरची पट्टीही वाचता आली, तर शाळेत घातल्याचे चीज झाले.

ज्यांच्या घरी कांदा नाही, त्यांनी वीजबिल घ्यावे, दूध डेअरीचे कार्ड घ्यावे, किराण्याची यादी घ्यावी, नाही तर आईच्या मजुरीचे दिवस मांडावेत. दिवस किती भरले, रोज किती, उचल किती घेतली, बाकी किती राहिली? हीही पट्टीच आहे.

जोडीला एक सोपा प्रयोग. ५ किलो कांदा जाळीच्या पिशवीत भरून सावलीत टांगा. दर रविवारी तोला आणि लिहा. चाळीत किंवा बराखीत ठेवलेला कांदा वाळून किती घटतो, सहा आठवड्यांत तुम्हालाच आकडा मिळेल. घट भागिले ५, गुणिले १०० केले की शेकडा घट निघते. भाव वाढेपर्यंत कांदा ठेवावा की आत्ताच विकावा, या घरातल्या बोलण्यात तुमचा आकडा उपयोगी पडेल.

उपक्रम चौथा : फाट्यावरची मोजणी

आपला फाटा म्हणजे चार दिशांचे तोंड. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन मोठे रस्ते इथे मिळतात. घरच्या मोठ्या माणसाबरोबर, रस्त्यापासून लांब, ओट्यावर किंवा दुकानाच्या पायरीवर बसा. फक्त पंधरा मिनिटे वाहने मोजा. एका वाहनाला एक उभी रेघ, पाचव्याला आडवी रेघ मारून जुडी बांधा. मोटारसायकल, मोटार, एसटी, मालट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर असे रकाने पाडा.

नंतर गाड्यांच्या पाट्या वाचा. एमएच १२ म्हणजे पुणे, एमएच १४ पिंपरी-चिंचवड (आपल्या तालुक्याच्या गाड्याही यातच येतात), एमएच १५ नाशिक, एमएच १६ अहिल्यानगर, एमएच १७ श्रीरामपूर, एमएच ०५ कल्याण. कुठल्या जिल्ह्याच्या किती गाड्या आल्या, ते लिहा. घरी येऊन आगपेटीच्या काड्या ओळीने मांडा. दोन गाड्यांना एक काडी. झाला स्तंभालेख. सकाळी आणि संध्याकाळी वेगवेगळे मोजले तर दोन आलेखांत काय फरक पडतो? बाजाराच्या दिवशी काय होते? कारण शोधा आणि दोन ओळीत लिहा.

उपक्रम पाचवा : हंडा, कालवा आणि टीएमसी

एक लिटरच्या बाटलीने घरचा हंडा भरा आणि तो किती लिटरचा आहे ते लिहा. दिवसभरात घरात किती हंडे, किती बादल्या लागल्या ते आईला विचारून मांडा. पिणे, स्वयंपाक, आंघोळ, भांडी-कपडे आणि जनावरे असे पाच भाग करा. सर्वांत जास्त पाणी कशाला गेले? आणि ते आणले कुणी? तेही नाव लिहा. पुष्कळ वह्यांत आईचे आणि ताईचेच नाव येईल. ते वाचून भावांनी एक-दोन हंडे उचलले, तरी या उपक्रमाचे काम झाले.

रोजच्या पेपरात धरणाचे पाणी टीएमसीमध्ये सांगतात. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर, जवळजवळ दोन हंडे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे पाठ करा : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. यांपैकी येडगाव आणि माणिकडोह कुकडी नदीवर, वडज मीना नदीवर, तर डिंभे आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर आहे. डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले आहे. ते आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. कालव्याला आवर्तन सुटले की कोणत्या तारखेला सुटले आणि कधी बंद झाले, एवढे वहीत टिपून ठेवा.

उपक्रम सहावा : ऐकलेले लिहायचे

रोज दहा ओळी मोठ्याने वाचायच्या. जुने पाठ्यपुस्तक, पेपरचा तुकडा, औषधाच्या बाटलीवरची सूचना, एसटी स्टँडवरचा फलक, काहीही चालेल. ऐकायला घरातले कुणी तरी पाहिजे. आजी ऐकेल, धाकटी बहीण ऐकेल.

आठवड्यातून एकदा उलट करायचे. मोठ्यांनी सांगायचे आणि आपण लिहायचे. आळे गावात रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची ती समाधी, अशी श्रद्धा आहे. ही गोष्ट आजोबा कशी सांगतात, तशीच त्यांच्या शब्दांत लिहा. आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या लिहून घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी सहकाऱ्यांच्या मदतीने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. त्या बायांतील कित्येकींनी शाळा पाहिली नव्हती, पण त्यांचे बोल आज जपून ठेवलेले आहेत. तुमच्या आजीची ओवी मात्र त्यात असेलच असे नाही. ती तुम्हीच लिहायला हवी. लिहिताना आजीचे शब्द बदलू नका. तिने "व्हती" म्हटले तर "व्हती"च लिहा.

लहान भावंडांसाठी

पहिली-दुसरीच्या आणि अंगणवाडीच्या मुलांना वहीची सक्ती नको. चिंचोके, शेंगांची टरफले, मक्याचे दाणे आणि खडे घ्या. दहा-दहाचे ढीग करा. दोन ढीग आणि तीन सुटे म्हणजे तेवीस. धुळीत बोटाने अक्षरे काढा. मोठी पाने, छोटी पाने वेगळी करा.

हे सामान कमी दर्जाचे नाही, बरे का. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबादच्या आदिवासी पाड्यांवर नेले. मुले गुरांमागे रानात जातात, म्हणून शाळाच कुरणात नेली. शंख-शिंपले, बिया, पाने हीच त्यांची शिकवण्याची साधने होती. अनुताई या आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. पुढे २०२० साली शाळा बंद असताना दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' हा कार्यक्रम लागत असे. त्यातही घरातल्याच वस्तू घेऊन शिकायचे होते. म्हणजे ही वाट मळलेली आहे.

आठवड्याचे वेळापत्रक

रोज : काठीची सावली आणि दहा ओळींचे वाचन.
सोमवार : पायली आणि तराजू.
मंगळवार : पट्टी, बिल किंवा मजुरीचा हिशेब.
बुधवार : पाण्याची मोजणी.
गुरुवार : आजी-आजोबांकडून ऐकून लिहिणे.
शुक्रवार : मोठ्यांबरोबर फाट्यावरची मोजणी.
शनिवार : २ ते ३० पाढे मोठ्याने म्हणणे.
रविवार : कांद्याचे वजन, आणि आठवड्याची वही घरात सर्वांना वाचून दाखवणे.

संभाळून!

विहिरीच्या काठावर, शेततळ्यावर आणि कालव्यावर एकट्याने जायचे नाही. पाण्याची खोली मोजण्याचा उपक्रम म्हणूनच यात मुद्दाम ठेवलेला नाही. आपल्या भागात उसात बिबट्या असतो. दिवस मावळल्यावर आणि पहाटे एकट्याने बाहेर पडू नये, उसाच्या कडेला खाली बसून खेळू नये, लहानग्यांना एकटे सोडू नये. महामार्ग ओलांडताना मोठ्या माणसाचा हात धरावा.

पालकांना विनंती

आपल्याला लिहिता-वाचता येत नसले तरी हा अभ्यास आपण घेऊ शकता. रात्री जेवण झाल्यावर एवढेच विचारा, "आज वहीत काय लिहिलंस? वाचून दाखव बरं." मूल वाचेल, आपण ऐकावे. आकडा चुकीचा वाटला तर "परत मोजून बघ" म्हणावे, रागावू नये. कोणता कांदा आधी सडतो, ढग कुठून येतात, बी किती खोल टाकायचे, हे आपल्याला जेवढे कळते तेवढे पुस्तकात नसते. ते मुलांना सांगा. ती लिहून ठेवतील.

दुसरी विनंती मुलींसाठी. मुलगी घरकामात असते म्हणून तिची वही मागे पडते. रोजचा अर्धा तास तिलाही मोकळा द्यावा. आणि जी कुटुंबे कामासाठी दुसऱ्या गावी जाणार आहेत, त्यांनी वही आणि पेन्सिल बोचक्यात आठवणीने बांधावी. जिथे मुक्काम पडेल तिथे सूर्य असतो, काठी असते, मजुरीचा हिशेबही असतो. वही तिथेही चालू राहील.

डोके चालवा

१. एका पायलीत किती निळवी?
२. दहा किलोला १८० रुपये भाव असेल, तर ४५० किलो कांद्याचे किती रुपये?
३. सावली नसलेला दिवस नाशिकला आपल्या नंतर का येतो?
४. १५ लिटरचा हंडा धरला, तर एका क्युसेकने एका मिनिटात साधारण किती हंडे भरतील? (क्युसेक २८ लिटरचा धरा.)

उत्तरे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. शाळा भरेल त्या दिवशी सर्वांनी आपापली वही आणायची आहे. अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल, पण आकडे खरे हवेत. ज्या वह्या येतील त्यांतली निवडक पाने याच भिंतीवर लावू आणि आपापल्या घरची माणसे ती पाहायला बोलावू.